जरा बाजूला या

दादाने मला अकरा दिवस काही सांगितलं नाही. बाराव्या दिवशी वहिनींचा फोन आला, तोही भर दुपारी, काउंटरवर रांग लागलेली असताना. एरवी माझ्या कामाच्या वेळात त्या कधी फोन करत नाहीत. "तुझ्या कानावर घालते, पण मी सांगितलं असं यांच्यापाशी बोलू नकोस," म्हणाल्या आणि आवाज आणखी खाली आणला. दादाच्या खात्यातून एक लाख शहाऐंशी हजार रुपये गेले होते.

मी सहकारी बँकेत नोकरी करते. नौपाड्यातल्या शाखेत मला सव्वीस वर्षं झाली. ठेवीची पावती हरवली, नॉमिनी बदलायचाय, मुलाने परदेशातून पाठवलेले पैसे दिसत नाहीत, असल्या सगळ्या गोष्टींसाठी लोक मला शोधत येतात. भाजीच्या गाडीपाशी गाठतात, गडकरी रंगायतनमध्ये मध्यंतरात गाठतात. आणि माझा सख्खा भाऊ, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी धरली की दिघा गाव आणि मग ऐरोली, एवढ्या अंतरावर राहणारा, अकरा दिवस ते एकटाच मनात घेऊन बसला होता.

संध्याकाळी बँकेतून थेट स्टेशन गाठलं. घरी पोचले तेव्हा दादा गॅलरीत कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालत होता. पाणी कुंडीखालच्या ताटलीतून फरशीवर वाहत होतं, तरी तो घालतच होता. मी मागे जाऊन उभी राहिले.

"कळलं ना तुला," तो म्हणाला. वळला नाही.

मग तुकड्यातुकड्याने सगळं बाहेर आलं. शनिवारी संध्याकाळी अनोळखी नंबरावरून व्हॉट्सअॅपवर मेसेज आला होता. फोटोच्या जागी वाहतूक पोलिसांचं चिन्ह. तुमच्या वाहनाने सिग्नल मोडला आहे, पाचशे रुपये दंड, पुरावा पाहण्यासाठी खालची फाइल उघडा. फाइलीचं नाव आरटीओ चलन, आणि शेवटी एपीके ही तीन अक्षरं, म्हणजे तो फोटो नव्हे, अख्खं अॅप. दादा आयुष्यभर ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात यंत्रं सांभाळत आला. नवा पार्ट आला की आधी माहितीपत्रक वाचणारा माणूस. तो असल्या मेसेजला भुलला कसा, हा प्रश्न माझ्या मनात आलाच. त्याचं उत्तर इतकं साधं होतं की मी गप्प झाले. बुधवारी कळवा नाक्यावर त्याने खरोखरच पिवळा दिवा लाल होता होता स्कूटर काढली होती. तीन दिवस तो चलनाची वाट बघत होता.

चोराला हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. तो हजारो नंबरांवर तेच पाठवतो. त्या हजारांत कुणी ना कुणी त्याच आठवड्यात सिग्नल मोडलेला असतो, कुणाचं विजेचं बिल खरंच थकलेलं असतं, कुणाचं पार्सल खरंच अडकलेलं असतं. ज्याच्या मनात आधीपासून काहीतरी खुपत असतं त्यालाच तो गळ लागतो. म्हणून "मी असल्या गोष्टींना फसणार नाही" असं कुणी म्हणालं की मला धास्ती वाटते.

दादाने फाइल उघडली. फोनने विचारलं की हे अॅप बाहेरून आलेलं आहे, टाकायचं का. त्याने हो म्हटलं. अॅपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही त्याने दिली. मग अगदी सरकारी वाटणारं पान उघडलं. गाडीचा नंबर, खाली दंडाची रक्कम, त्याखाली कार्डाचा नंबर, मुदत आणि पिन भरायचे चौकोन. त्याने भरलं. "पेमेंट अयशस्वी" असं आलं आणि अॅपचं चिन्हच स्क्रीनवरून नाहीसं झालं. त्याला वाटलं, नेटवर्क गेलं असेल, सोमवारी भरू. रात्री एक ते दीडच्या दरम्यान चार व्यवहार झाले. ओटीपी त्याच्याच फोनवर येत होते आणि आत बसलेलं ते अॅप ते परस्पर पुढे पाठवत होतं. दादा झोपलेला होता.

सकाळी डेअरीत दुधाच्या दोन पिशव्या घेतल्या, क्यूआर कोड स्कॅन केला, तेव्हा खात्यात पुरेशी शिल्लक नाही असं आलं. त्याने पुन्हा केलं, पुन्हा तेच. डेअरीवाल्याला म्हणाला, "उद्या देतो रे." आणि पिशव्या हातात धरून शेजारच्या इमारतीच्या जिन्यात पाऊण तास बसून राहिला. हे त्याने मला सांगितलं तेव्हा वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. जिन्याचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तो पाऊण तास माझ्या डोक्यातून अजून जात नाही. बँकेच्या आतल्या बाजूने बघणाऱ्याला त्या वेळेची किंमत माहीत असते. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर फिरवला की तक्रार एका प्रणालीत शिरते. केंद्रीय गृहमंत्रालयाने ती एप्रिल २०२१ मध्ये सुरू केली, तेव्हा नंबर १५५२६० होता, पुढे तो १९३० झाला. पैसे कुठल्या बँकेतल्या कुठल्या खात्यात गेले ते त्यातून त्या बँकेला कळतं, आणि तिथे अजून शिल्लक असेल तर तेवढी रक्कम रोखून धरली जाते. आमच्या भाषेत लीन मार्क होतं. पैसे तिथून पुढे सरकले असतील तर तक्रार पुढच्या बँकेकडे जाते, तिथून त्याच्या पुढच्या. म्हणजे ही शर्यत असते. एका बाजूला चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाच खात्यांत पांगवत असतो, मग कुणीतरी कुठल्या तरी एटीएमवर जाऊन ते काढतो. दुसऱ्या बाजूला ती तक्रार त्यांच्या मागे धावत असते. तक्रार निघालीच नाही तर शर्यत लागतच नाही.

दादाची तक्रार आम्ही बाराव्या दिवशी रात्री नऊ वाजता केली, आधी १९३० वर आणि मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर. त्याच्या बँकेतही, ती माझी बँक नव्हे, लेखी अर्ज दिला. तिसऱ्या पायरीवरच्या एका खात्यात नऊ हजार दोनशे रुपये अडकलेले सापडले. बाकी सगळं रविवारी दुपारपर्यंतच परराज्यातल्या एटीएममधून निघालं होतं. ते नऊ हजार परत मिळवायलाही तेव्हा न्यायालयाचा आदेश लागत होता. आम्ही त्यासाठी अर्ज केलाय.

दादाला वाटत होतं, बँक भरून देईल. मला त्याला नियम समजावून सांगावा लागला, आणि ते सांगणं सोपं नव्हतं. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी याविषयी परिपत्रक काढलं. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्याच कुणीतरी गडबड केली, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवलं, तर त्याच्यावर काहीही भार पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत पडतो. त्यानंतर त्या त्या बँकेचं धोरण. पण ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकलेली आहे, हेही त्यात आहे, आणि ते फार थोड्या लोकांना माहीत असतं. त्याच्या बँकेने उत्तर दिलं की पिन तुम्हीच भरलात. उत्तर चार ओळींचं होतं. अकरा दिवसांचा उल्लेख त्यातही होता.

"मला का नाही सांगितलंस?" हे मी शेवटी विचारलं. पानं वाढलेली होती, कुणी जेवत नव्हतं.

"तुला कुठल्या तोंडाने सांगू?" दादा म्हणाला. "तू इथेच बसून म्हणायचीस ना, शिकलेली माणसं आहेत, तरी कसं कळत नाही यांना म्हणून."

मी म्हणायचे. खरं आहे. दिवाळीला, गणपतीला, कुणाच्या वाढदिवसाला सगळे जमलो की बँकेत काय काय घडतं ते मी सांगायचे. अमक्याने ओटीपी दिला, तमक्या बाईंनी गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला आणि तो चोराचाच निघाला, एकाने फोनचा स्क्रीन दाखवणारं अॅप टाकून घेतलं. आणि शेवटी ते वाक्य. सांगताना माझा हेतू सावध करण्याचाच असायचा. दादा समोर बसून ऐकायचा. त्यातून त्याने जे मनात साठवलं ते वेगळंच होतं. असं काही झालं तर हिला कळता कामा नये, एवढंच. त्या चोराला अकरा दिवसांची मोकळीक देण्यात माझ्या त्या वाक्याचा वाटा आहे. ते वाक्य मी आता बोलत नाही, आणि दुसरं कुणी बोललं तर त्याला थांबवते.

त्या रात्री परतताना आईची आठवण आली.

मी कॉलेजात असतानाची गोष्ट. आई राम मारुती रस्त्यावरून येत होती. साध्या वेशातली दोन माणसं, एकाच्या हातात काठी. "आई, जरा बाजूला या. पुढे खून झालाय, साहेब आहेत, दागिने काढून ठेवा, आम्ही पोलीस आहोत." ओळखपत्रासारखं काहीतरी दाखवलं. तेवढ्यात तिसरा एक माणूस मुकाट्याने आपली साखळी काढून त्यांच्याकडे देताना दिसला, तोही त्यांच्यातलाच. आईने हातातल्या दोन्ही बांगड्या काढल्या. त्यांनीच कागदात गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवल्या, घरी जाऊनच उघडा म्हणाले. घरी येऊन उघडलं तर कागदात दोन खडे. ठाण्यात, डोंबिवलीत, पुण्यात त्या काळी हे प्रकार पुष्कळ व्हायचे. भांडी आणि सोनं चकचकीत करून देतो म्हणणारेही दारावर यायचे आणि पाटलीचं वजन घटवून जायचे.

आई दारातच मटकन बसली आणि मोठ्याने रडली. शेजारच्या काकू धावत आल्या, खालचे आजोबा आले, कुणी पाणी आणलं, कुणी बाबांना दुकानात बोलवायला गेलं. दिवेलागणीपर्यंत आख्ख्या गल्लीला कळलं होतं की बाजूला घेणारे पोलीस खोटे असतात, कसे दिसतात, काय बोलतात, काठी कुठल्या हातात असते. त्यानंतर महिन्याभरात आमच्याच गल्लीतल्या एका बाईंना तसेच दोघे भेटले. त्या जागच्या जागी ओरडल्या. ते पळाले.

बांगड्या परत आल्या नाहीत. पण आईची चोरी आईची एकटीची राहिली नाही. दादाची राहिली. तीस वर्षांत आमच्या घरात हा बदल कधी झाला ते मला सांगता येत नाही. पैसा मुठीत, डब्यात, पासबुकात होता तोवर तो चारचौघांत वावरायचा. मी नोकरीला लागले तेव्हा शाखेत पितळी टोकन होती. मोठी रक्कम काढायची तर माणूस बाकावर बसायचा, शेजारी बसलेला विचारायचा, काय, कार्य काढलंय का? रोखपाल नोटा मोजून देताना मान वर करून बघायचा. ते सगळं तेव्हा भोचकपणाचं वाटे. आता वाटतं, त्या नजरा म्हणजेच कुलपं होती. आज लाखभर रुपये एका अंगठ्यावर निघून जातात आणि शेजारच्या खोलीत भाजी चिरणाऱ्या माणसाला आवाजही ऐकू येत नाही. सोय झाली, ती मलाही हवी आहे. पण मधली माणसं गेली.

ती मधे असली की काय होतं ते मी एकदा जवळून पाहिलंय.

गेल्या वर्षी एका मंगळवारी साडेअकराच्या सुमारास एक निवृत्त सर काउंटरवर आले. ठाण्यातल्या निदान दोन पिढ्यांनी त्यांच्याकडे गणित शिकलंय. तीन एफडी मोडायच्या होत्या, मिळून चौदा लाख, आणि लगेच आरटीजीएस करायचं होतं. मी फॉर्म बघितला. लाभार्थी म्हणून परराज्यातल्या कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीचं चालू खातं. "सर, मुदतीला दोनच महिने राहिलेत, व्याज जाईल," मी म्हटलं. "नातवाच्या शिक्षणासाठी हवेत," ते म्हणाले. पाठ केलेल्या उत्तरासारखं. त्यांचा फोन शर्टाच्या वरच्या खिशात उभा होता, कॅमेऱ्याचा भाग खिशाच्या वर काढलेला. एका कानात इअरफोन. बाहेर ऊन नव्हतं, पंखा डोक्यावर होता आणि त्यांच्या कानशिलावरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये जात होता.

मी विड्रॉल स्लिप उलटी केली, मागे लिहिलं, "फोनवर कुणी आहे का?" आणि सही कुठे करायची ते दाखवल्यासारखं करून काचेखालून पुढे सरकवली.

त्यांनी ते वाचलं. पेन उचललं. अक्षर फळ्यावरच्यासारखं सुबक, फक्त थरथरणारं. "हो. कालपासून."

मी मोठ्याने म्हटलं, "सर, सर्व्हर डाउन आहे. अर्धा तास लागेल, आत बसा." केबिनमध्ये आमच्या मॅनेजरांनी त्यांच्या खिशातला फोन हळूच काढून माझ्या हाती दिला आणि मी तो बाहेर नेऊन ड्रॉवरमध्ये, रजिस्टरांच्या खाली ठेवला. इकडे सरांचा विश्वास बसत नव्हता. आम्हीच कटात सामील आहोत असंही क्षणभर त्यांना वाटलं, तसं त्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं, बँकेतली माणसं सामील आहेत म्हणून. शेवटी मॅनेजरांनी पोलीस ठाण्यात फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडचे अंमलदार शांतपणे म्हणाले, "सर, आम्हाला कुणाला अटक करायची असली तर आम्ही घरी येतो. फोनवर अटक नसते. तुम्ही तिथेच थांबा, मी माणूस पाठवतो." तेव्हा कुठे सरांनी चहाचा कप हातात घेतला. बशीवर कप बराच वेळ वाजत होता.

सीबीआयचे अधिकारी म्हणून फोन आला होता. तुमच्या आधार क्रमांकावर पार्सल पकडलंय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. रात्रभर व्हिडिओ कॉल सुरू ठेवायला लावला होता, झोपेतसुद्धा. पहिला हुकूम होता, "खोलीत जा, दार लावून घ्या, पत्नीला सांगाल तर त्यांनाही आरोपी करावं लागेल." सरांच्या पत्नीला वाटत होतं, हे कुठल्या तरी परीक्षेचे पेपर ऑनलाइन तपासत बसलेत. त्यांनी दोनदा चहा दारातून दिला होता.

राम मारुती रस्त्यावर आईला म्हणाले होते तेच हे. जरा बाजूला या.

डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे सांगितलं, तसल्या एका कॉलचं ध्वनिमुद्रण ऐकवलं आणि थांबा, विचार करा, कृती करा असा मंत्र दिला. तरी प्रकार थांबले नाहीत. हरियाणातल्या अंबाल्याच्या एका ज्येष्ठ जोडप्याला तर सर्वोच्च न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवून लुटलं, आणि त्यांचं पत्र पोचल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे १ डिसेंबर २०२५ रोजी देशभरातल्या अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. सरांना ज्यांचं नाव सांगून घाबरवलं होतं त्यांच्याकडेच. हे वाचलं तेव्हा मी सरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. पण बाई, त्या दिवशी तुम्ही ती चिठ्ठी लिहिली नसती तर?" मला उत्तर सुचलं नाही.

या सगळ्यात आणखी एक काउंटर आहे, त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. हे पैसे ज्या खात्यांत जाऊन पडतात ती कुणाची असतात? दादाचे पैसे पहिल्यांदा ज्या खात्यात गेले ते एका विद्यार्थ्याचं होतं. आमच्याकडेही असली मुलं येतात. एक आला होता, एकोणीस-वीस वर्षांचा, नव्या कपड्यांत. चालू खातं उघडायचं होतं. मागे एक माणूस उभा. "धंदा कसला?" विचारलं तर मुलगा मागे बघायचा आणि मागचा माणूस उत्तर द्यायचा. आम्ही खातं उघडलं नाही. जाताना मी मुलाला दारात गाठलं. "महिन्याला दहा हजार देतात काकू, फक्त पासबुक, कार्ड आणि सिम त्यांच्याकडे ठेवायचं," तो म्हणाला. इतक्या निरागसपणे, की भाड्याने सायकल दिल्यासारखं. मी त्याला म्हटलं, "बाळा, पैसे कुणाचेही येवोत, पोलीस खात्यावरचं नाव बघून येतात. तुझ्या आईच्या दारात येतील." तो गेला. दुसऱ्या बँकेत गेला की घरी गेला, मला कळलं नाही. कॉलेजात जाणारी मुलं ज्यांच्या घरात आहेत त्यांनी हे त्यांच्याशी बोलायला हवं, अगदी आज रात्री. फसलेला माणूस पैसे घालवतो. हा मुलगा आरोपी होतो.

ऐरोलीला नंतरच्या रविवारी आम्ही तिघं बसलो आणि दादाचा फोन, खाती, कार्डं सगळं टेबलावर मांडलं. फोन तर त्याच रात्री सिम काढून, फॅक्टरी रीसेट करून घेतला होता. पेन्शनचं खातं यूपीआयपासून तोडलं. दूध, भाजी, रिक्षा यासाठी वेगळं खातं, त्यात पाच हजारांच्या वर काही ठेवायचं नाही. कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशातले व्यवहार आपल्याला हवे तेव्हा चालू-बंद करता येतात, मर्यादा ठरवता येते, रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्येच बँकांना ती सोय द्यायला सांगितलंय. दादाला ते माहीत नव्हतं, आणि खरं सांगते, आमच्या शाखेतल्या निम्म्या ग्राहकांनाही नाही. आधारचे बोटांचे ठसे लॉक केले. संचार साथी या सरकारी पोर्टलवर त्याच्या नावावर किती सिम आहेत ते बघितलं, दोनच निघाली, दोन्ही त्याचीच. चलन खरं की खोटं हे बघायचं तर मेसेजमधल्या फाइलीला हात न लावता सरकारी संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा नंबर घालायचा, हे त्याने स्वतःच करून पाहिलं. कळवा नाक्याचं चलन आलंच नव्हतं.

वहिनींचं मला कौतुक वाटलं. त्या दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतात. मागे एकाने आपण सैन्यात आहोत, छावणीसाठी तीस किलो चकली हवी, असं सांगून आगाऊ रकमेसाठी क्यूआर कोड पाठवला होता. स्कॅन करा, पिन घाला, पैसे जमा होतील. वहिनींनी फोन कानाला तसाच धरून दारातून हाक मारली, "अगं ए, पैसे घ्यायला पिन लागतो का गं?" समोरच्या घरातली अकरावीतली मुलगी आतूनच ओरडली, "नाही हो काकू, द्यायला लागतो!" तिकडे फोन बंद झाला. वहिनींनी ही गोष्ट सांगितली तेव्हा दादा पहिल्यांदा हसला.

आम्ही ठरवलं ते एवढंच. नव्या नावावर पाच हजारांच्या वर पैसे जाणार असतील तर आधी घरात मोठ्याने बोलायचं. घरात कुणी नसेल तर मला फोन करायचा. मी कामात असले तरी उचलीन, हे माझ्या बाजूचं. आणि कुणी म्हणालं की कुणाला सांगू नका, की तिथल्या तिथे सगळ्यांना सांगायचं. दादा ऐकून घेत होता. पाळेल की नाही याची मला खात्री नव्हती. वयाने मोठा भाऊ, त्याने धाकट्या बहिणीला विचारून पैसे द्यायचे, हे त्याला जड जाणारच.

परवा रात्री आठला त्याचा फोन आला. मी कणीक मळत होते, कोपराने स्पीकर सुरू केला.

"एक मेसेज आलाय, वाचून दाखवतो," तो म्हणाला. "महावितरण. तुमचे मागील महिन्याचे बिल अद्ययावत झालेले नाही. आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल. त्वरित खालील अधिकाऱ्यांशी संपर्क साधा. आणि खाली दहा आकडी मोबाइल नंबर आहे. वाचू?"

पहिल्या दोन शब्दांतच मला कळलं होतं. तरी मी मध्ये बोलले नाही. त्याने नंबरही वाचला, एकेक आकडा सुटा सुटा, मग म्हणाला, "बिल भरलंय मी पाच तारखेला. पावती काढून बघितली. तरी म्हटलं तुला सांगावं."

"बरं केलंस."

"समोरच्यांनाही आलाय हाच. आत्ता जिन्यात सगळे उभे आहोत आम्ही." मागून खरंच माणसांचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी विचारत होतं काय म्हणाली म्हणून. "ठेवतो मग. तुझी वहिनी भात लावून बसलीय."